काट्याचे निमित्त

रस्त्यात सायकलचे टायर फुटले की तो आवाज ऐकून आधी ओट्यावरचे कुत्रे दचकते, मग दुकानदार मान वर करतात आणि सगळ्यांत शेवटी स्वार खाली उतरतो. उतरल्यावर तो काय करतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. तो चाकाकडे पाहत नाही; मागे वळून रस्त्याकडे पाहतो. तिथे एखादा खिळा, काचेचा तुकडा, निदान एखादा टोकदार खडा दिसला, तर त्याच्या चेहऱ्यावर एक प्रकारचे समाधान उमटते. काहीच दिसले नाही, तर मात्र तो अस्वस्थ होतो. मग तो रस्ता करणाऱ्यांना दोन शब्द सुनावतो, उन्हाकडे पाहून डोळे बारीक करतो, किंवा सकाळी कोणाचे तोंड पाहिले होते ते आठवू लागतो.

आपल्या बोलण्यात दोन साधे प्रश्न आहेत. एक 'कशाने झाले?' आणि दुसरा 'कोणी केले?' दोन्ही प्रश्न जुळ्या भावांसारखे दिसतात आणि त्यामुळे एकाला हाक मारली की दुसराच पुढे येतो. या दोघांतला फरक मला फार उशिरा कळला, आणि तो कळण्यासाठी माझ्या सायकलची एक ट्यूब व एका मुलाचा अपमान खर्ची पडला. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावण होता. पाऊस थांबून थांबून पडत होता आणि वारा मात्र थांबायला तयार नव्हता. संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी सायकल काढायला गेलो, तो मागचे चाक जमिनीला चिकटलेले. सकाळी मी स्वतः हवा पाहून आलो होतो. आता 'पाहून' म्हणजे अंगठ्याने दाबून. बहुतेक लोक पाहतात तशीच. शिपायाने सहज सांगितले, "मधल्या सुट्टीत आठवीतला तो मुलगा तुमच्या सायकलीपाशी होता, सर." त्या मुलाला दोनच दिवसांपूर्वी मी वह्या न आणल्याबद्दल वर्गात चांगलेच फैलावर घेतले होते. झाले! माझ्या मनात खटला उभा राहिला, चालला आणि निकालातही निघाला. सायकल ढकलीत मी घरी पोचेपर्यंत शिक्षासुद्धा ठरली होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला मी त्याला उभे केले.

"काल माझ्या सायकलीला हात लावला होतास?"

"हो सर, पण मी..."

"हो की नाही, एवढंच सांग."

"हो."

मी वर्गाकडे विजयी मुद्रेने पाहिले. त्याने मान खाली घातली होती, आणि चोराच्या मनात चांदणे ही म्हण मला त्या वेळी नेमकी आठवली. मी त्याला सगळ्यांसमोर माफी मागायला लावली. त्याने ती मागितली, आणि मला वाटले, आणखी काय पुरावा हवा? ज्याने काही केले नाही तो माफी मागेल कशाला? मास्तर हातात खडू घेऊन समोर उभा असताना तेरा वर्षांचे पोर कशाचीही माफी मागते, हे माझ्यासारख्या इतकी वर्षे शिकवीत असलेल्या माणसाला सुचू नये, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

रविवारी मी सायकल ढकलीत दुकानात नेली. आमच्या गावच्या मिस्त्रींचे दुकान म्हणजे एका पिंपळाखाली टाकलेला पत्रा, पाण्याचे घमेले, पंप, आणि जुन्या टायरांची एक माळ. मिस्त्रींनी सायकल उलटी केली, टायरची एकच बाजू रिमवरून सोडवली आणि ट्यूब बाहेर ओढली. तिच्यात हवा भरून ती थोडी थोडी पाण्यात बुडवीत नेली. एका जागी बुडबुड्यांची बारीक माळ सुटली. तिथे बोट ठेवून त्यांनी ट्यूब तशीच पुन्हा चाकावर धरली, व्हॉल्व व्हॉल्वच्या भोकाशी जुळवला, आणि म्हणाले, "मास्तर, बाहेरून काही आलेलं नाही. हे घरातलंच आहे."

भोक ट्यूबच्या पोटाला होते. म्हणजे रस्त्याकडे नव्हे, रिमकडे. रिमच्या आतून जी रबराची पट्टी फिरवलेली असते ती एका ठिकाणी कुजून सरकली होती, आणि एका तारेचे टोक निपलमधून दाण्याएवढे वर आले होते. चाक फिरत होते आणि दर फेऱ्याला ते टोक ट्यूबला थोडे थोडे घाशीत होते. किती दिवस, कोण जाणे! त्या संध्याकाळी ते पार झाले, एवढेच.

मी काही बोललो नाही. मिस्त्रीही बोलले नाहीत, आणि त्यांच्या न बोलण्यात केवढे सौजन्य होते हे मलाच ठाऊक. कारण उन्हाळ्यात ती तार त्यांनीच बदलून दिली होती, आणि तेव्हा ते म्हणाले होते, "पट्टी कुजलीय मास्तर, नवी घालू का?" मी म्हणालो होतो, "पुढच्या वेळी बघू."

मुलगा, शिपाई, वारा, श्रावण, सगळे बाजूला राहिले. त्या भोकावर माझे नाव लिहिलेले होते.

त्या दिवशी मी तिथेच बाकावर बसून राहिलो. ठिगळाची जागा कानशीने घासता घासता मिस्त्रींनी मला ट्यूबच्या जखमा वाचायला शिकवल्या. एकच बारीक भोक, तेही बाहेरच्या अंगाला, तर काटा किंवा खिळा समजावा. आणि मग टायरच्या आतून बोट फिरवून तो काटा शोधल्याशिवाय ट्यूब परत घालू नये. नाहीतर ठिगळ वाळते न वाळते तोच काटा आपले काम पुन्हा करतो. आमच्याकडे बहुधा बाभळीचा काटा असतो, नाहीतर सराटा. सराट्याचे फळ वाळले की त्याचे पाच तुकडे होतात, आणि तुकडा जमिनीवर कसाही पडला तरी त्याचा एखादा काटा आभाळाकडे तोंड करून उभा असतो. गंमत अशी की हाच सराटा वैद्यांच्या दशमूळात गोक्षुर या नावाने सन्मानाने बसलेला आहे. त्याला सायकलीशी वैर नाही आणि रोग्याशी सख्यही नाही. तो आपला सराटा आहे.

दोन भोके शेजारी शेजारी, सापाने डसल्यासारखी, दिसली तर मात्र काटा शोधू नये. तो हवा कमी असल्याचा प्रकार. हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या काठावर किंवा दगडावर आदळले की टायर दबते, ट्यूब रिमच्या दोन कडांत चिमटली जाते आणि दोन्हीकडे चिरते. वजन मागे जास्त, म्हणून ही जखम बहुधा मागच्या चाकाला. व्हॉल्वच्या बुडाशी ट्यूब फाटली असेल, तरी तेच. हवा कमी असली की टायर रिमवर हळूहळू सरकते, ट्यूबला बरोबर ओढते, आणि व्हॉल्व मात्र भोकात अडकलेला असतो. भोकच सापडत नाही आणि हवा तर रोज जाते, अशा वेळी व्हॉल्ववरची बारीक रबरी नळी कुजलेली असते. आणि मोठा आवाज होऊन फूटभर फाटले तर ट्यूबला दोष देण्यात अर्थ नाही. ट्यूब बिचारी फुग्यासारखी. तिला धरून ठेवणारे टायर आहे. टायरची बाजू विरली असेल, ब्रेकचे रबर घासून तिला चीर पडली असेल, किंवा टायरची कड रिममध्ये नीट बसली नसेल, तर ट्यूब तिथून डोके बाहेर काढते आणि मग फट्!

"आणि उन्हानं फुटतं ते?" मी विचारले.

मिस्त्री हसले. "ऊन सगळ्यांच्याच सायकलींवर पडतं, मास्तर."

घरी येऊन मी हिशेब करून पाहिला. टायरमधली हवा ३० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापली असे धरू. निरपेक्ष मापाने हे ३०३ वरून ३३३ झाले. म्हणजे बंद हवेचा दाब, वातावरणाचा दाब धरून, एकदशांशाने वाढला. पंपाच्या काट्यावर ४५ पौंड असतील तर ५१ होतील. धडधाकट टायर एवढे सहज सोसते. जे फुटते ते आधीच फुटायला टेकलेले असते. ऊन फक्त शेवटचा धक्का देते. पण उन्हाच्या धास्तीने आपण काय करतो? हवा कमी ठेवतो. आणि मग खड्ड्यात चाक आपटून साप डसतो! भलतेच कारण धरले की उपायही भलताच होतो, आणि तो उपायच पुढच्या अपघाताचे कारण बनतो, याचे इतके सुबक उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, असे आपण म्हणतो. फांदी आतून किडलेली असते. पण कीड दिसत नाही, कावळा दिसतो, शिवाय तो काळा असतो. माझ्या वर्गातल्या त्या मुलाचा गुन्हा यापेक्षा वेगळा नव्हता. तो वह्या न आणणारा मुलगा होता, आणि फांदीवर बसलेला होता.

आमच्या शाळेत संस्कृत शिकवणारे एक वृद्ध गृहस्थ तेव्हा होते. त्यांना मी ही हकीकत, मुलाचा भाग वगळून, सांगितली. ते म्हणाले, "अहो, नैयायिकांनी हे केव्हाच लावून ठेवलं आहे. कापड झालं, तर सूत हे समवायी कारण, सुतांचा एकमेकांशी संयोग हे असमवायी, आणि कोष्टी, धोटा वगैरे निमित्त. तुमचा काटा हे निमित्त. पण रबर कुजकं होतं, हवा कमी होती, त्याचं काय?" नंतर मला वाटले, निमित्त या शब्दाचे आपण काय करून ठेवले आहे! शास्त्रात तो कारणाचा एक प्रकार होता; घराघरांत तो सबबीचे दुसरे नाव झाला. 'पावसाचे निमित्त झाले', 'काट्याचे निमित्त झाले', असे आपण म्हणतो, आणि बाकीची कारणे त्या शब्दाच्या आड निवांत झोप घेतात.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, नाना तऱ्हेच्या चेष्टा आणि दैव. पंक्चरला हे तंतोतंत लागू पडते. सायकल हे अधिष्ठान, स्वार कर्ता, पंपापासून तारेपर्यंत सगळी करणे, पायडल मारणे ही चेष्टा, आणि सराटा नेमका चाकाखाली यावा हे दैव. दैव पाचवे आहे. पण आपण मोजायला सुरुवात करतो ती पाचव्यापासून, आणि कर्त्यापर्यंत येता येता आपले मोजणे कसे कोण जाणे थांबते. किंवा कर्ता मोजलाच, तर तो दुसरा कोणी तरी असतो.

यशाचेही असेच आहे. हवेचे टायर कोणी काढले, असे विचारले तर सगळे डनलॉपचे नाव सांगतात. बेलफास्टच्या या पशुवैद्याने १८८७ मध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी ते केले, १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले, हे खरे. पण रॉबर्ट थॉम्सन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ मध्येच हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते, आणि ते उजेडात आल्यावर डनलॉपचे पेटंट टिकले नाही. डनलॉपने काही चोरले नव्हते. त्याला ते ठाऊकच नव्हते. शिवाय त्यांच्याही मागे रबर टिकाऊ करण्यासाठी आयुष्य वेचणारा गुडइयर उभा आहेच. पण आपल्याला गौरवाला एकच नाव लागते, आणि शिव्यांनाही एकच.

माझी हकीकत पुरी ऐकल्यावर संस्कृतचे तेच गुरुजी जरा गंभीर झाले. म्हणाले, "पण सांभाळा हं. उद्या एखादा चोर म्हणेल, गरिबी हे कारण, उघडं दार हे कारण, मी केवळ निमित्त. मग दोष कोणालाच नाही का?"

हा आक्षेप खरा आहे. त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे म्हणजे काटा टायरमध्ये ठेवून ट्यूब परत घालण्यासारखे होईल. रस्त्यावर मुद्दाम टाचण्या पसरणारा मनुष्य दोषी आहे; तिथे रबराची प्रत काढीत बसण्यात अर्थ नाही. मुले खोडसाळपणे हवा सोडतात, हेही मला माहीत आहे. लहानपणी मीही सोडली आहे. 'कोणी केले?' हा प्रश्न विचारूच नये, असे मी म्हणत नाही. त्याने रांगेत उभे राहावे, एवढेच म्हणतो. आधी 'कशाने', मग 'कोणी'. कारण 'कशाने' या प्रश्नाला ट्यूब उत्तर देते, आणि ट्यूब कोणाला भीत नाही. 'कोणी' हा प्रश्न आधी विचारला, तर त्याचे उत्तर जो सर्वांत अधिक भितो तो देतो.

आणखी असे, की कारणे अनेक निघाली म्हणून दोष विरघळत नाही. उलट, प्रत्येकाच्या वाट्याचा तेवढा नेमका हातात येतो. सराटा माझ्या हातात नव्हता, खड्डा नव्हता, वारा नव्हता. पट्टी होती. मिस्त्रींना राग येत नाही, याचे कारण ते संत आहेत असे नव्हे. त्यांना संध्याकाळपर्यंत गाडी चालती करून द्यायची असते. ज्याला दुरुस्त करायचे असते तो कारण शोधतो, आणि ज्याला केवळ मोकळे व्हायचे असते तो अपराधी शोधतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण अंगणात डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतो आणि नरकासुर मारल्याचे समाधान मानतो. मुलांना त्याची मौज वाटते. ती मौज असू द्यावी. पण ज्या कारिटात असुर नव्हताच ते फोडून आपण वर्षभर निश्चिंत हिंडावे, ही सोय मोठ्या माणसांनी किती दिवस घ्यावी?

याच्या उलट टोकालाही एक खड्डा आहे. सगळा दोष एकट्याने अंगावर ओढून घेणाऱ्यांचाही मला संशय येतो. आपण एकटेच कर्ते, असे ज्याला वाटते त्याला गीतेने त्याच अध्यायात शहाणा म्हटलेले नाही. 'सगळे माझ्यामुळेच झाले' असे म्हणणारा पुष्कळदा पट्टी मात्र बदलायची विसरतो.

आता त्या मुलाचे सांगायचे राहिले. तेच कठीण आहे, म्हणून शेवटी ठेवले.

रविवारी मला खरे कळले. वर्गात ते सांगायला मला गुरुवार उजाडला. मधले दिवस मी काय करीत होतो? कारणे शोधीत होतो. हे तो नसेल, पण दुसरे काही तरी त्याने केले असेलच. वह्या तर आणल्या नव्हत्याच. वर्गापुढे मास्तरने माघार घेतली तर शिस्तीचे काय होईल, वगैरे. माणूस स्वतःसाठी केवढा चांगला वकील असतो! शेवटी गुरुवारी जुन्या पट्टीचा तुकडा व एक जुनी ट्यूब घेऊन मी वर्गात गेलो. मुलांना जखमांचे सगळे प्रकार दाखवले. आणि मग म्हणालो, "चूक माझी होती. याने काही केलं नव्हतं. याची मी माफी मागतो."

वर्ग चिडीचूप झाला. मी त्याला विचारले, "मग तू त्या दिवशी सायकलीला हात का लावला होतास?"

तो उभा राहिला. "वाऱ्यानं पडली होती, सर. उचलून ठेवली."

'हो सर, पण मी' याच्या पुढचे वाक्य ते. सहा दिवसांपूर्वी ते त्याच्या ओठांवर होते आणि मी ते ऐकायला थांबलो नव्हतो.

मुलाने माझ्यावर राग धरला नाही. पुढे तो वह्याही आणू लागला. ठिगळ नीट बसले, असे मी मनाशी म्हणालो. आणि चांगले बसलेले ठिगळ वर्षानुवर्षे टिकते, हेही खरे आहे. पण त्याच दिवाळीच्या सुट्टीआधी एक दिवस असाच वारा सुटला होता. मी शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीत उभा होतो. माझी सायकल स्टँडवरून कलली आणि पडली. तो मुलगा शेजारून चालला होता. तो थांबला. सायकलीकडे पाहिले. मग इकडेतिकडे पाहिले, दोन्ही हात खिशांत घातले आणि निघून गेला.

मी खाली गेलो आणि सायकल उचलून ठेवली. या खेपेस 'कोणी केले?' असे मला कोणाला विचारावे लागले नाही.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी चाकांत हवा भरतो, अंगठ्याने नव्हे तर काट्यावर पाहून. आणि वर्गात एखादा मुलगा 'हो सर, पण मी' असे म्हणाला, तर खडू खाली ठेवून त्याचे वाक्य संपेपर्यंत थांबतो.